भूगर्भातील शेजार : प्रस्तावना

लालकोट, सिरी, तुघलकाबाद, फिरोजाबाद, शाहजहानाबाद आणि ल्युटियन्सची नवी दिल्ली अशी एकापाठोपाठ एक वसलेली नगरे मोजून दिल्लीचा इतिहास सांगण्याची प्रथा जुनी आहे. परंतु २० डिसेंबर २००४ रोजी विश्वविद्यालय ते काश्मिरी गेट हा भुयारी मार्ग प्रवाशांस खुला झाला, तेव्हापासून या नगरीच्या पोटात आणखी एक वसाहत आकार घेत आहे आणि तिची गणना अद्याप कोणी केलेली नाही. पिवळा, निळा, जांभळा, किरमिजी, गुलाबी अशा रंगांच्या नावांनी ओळखले जाणारे मार्ग, त्यांच्या जोडीला विमानतळाकडे धावणारा जलद मार्ग आणि अलीकडे गाझियाबाद-मेरठकडे जाणारी प्रादेशिक जलद रेल्वे, एवढ्यांनी राजधानीच्या जमिनीखालचा प्रदेश आता व्यापलेला आहे. आणि जमिनीवरील वस्तीत जसा शेजाऱ्याच्या पायाखोदाईने आपल्या भिंतीस तडा जाण्याचा प्रसंग येतो, तसाच तो जमिनीखालीही येऊ लागला आहे. नवा बोगदा खणला जात असता त्याच्या आसपास आधीपासून असलेल्या बोगद्याचे काय होते, हा पुढील पृष्ठांचा विषय होय. विषय अरुंद दिसतो खरा. परंतु ज्या बोगद्यातून रोज लक्षावधी माणसे कामधंद्यास जातात, त्याच्या तळाखाली काही मीटरवर दुसरे यंत्र माती कोरीत असते ही वस्तुस्थिती एकदा ध्यानी आली, म्हणजे तो अरुंद वाटेनासा होतो.

महाराष्ट्रातील वाचकास बोगदा ही वस्तू परकी नाही. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून सह्याद्रीच्या कातळातून आरपार जाणारी ती काळोखी वाट आपल्या प्रवासवर्णनांत स्थिरावली आहे. पुढे कोकण रेल्वेने नव्वदांहून अधिक बोगदे खणून, त्यांत रत्नागिरीजवळच्या करबुडेचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा घेऊन, त्या परंपरेवर कळस चढविला. कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन हेच दिल्ली मेट्रोचे आद्य व्यवस्थापकीय संचालक, हा योगायोग नव्हे. त्याच रेल्वेच्या पेडणे बोगद्याच्या ओल्या, ढासळत्या मातीत जे शिक्षण झाले त्याची गरज यमुनेच्या गाळातही होतीच. तथापि एक मूलभूत भेद येथेच नमूद केला पाहिजे. कोकणातला बोगदा डोंगरात एकाकी असतो. त्याचा मामला त्याच्यात आणि डोंगरात मिटतो. शहरातल्या बोगद्यास मात्र शेजारी आहेत, आणि त्यांतले काही अजून जन्मास यावयाचे आहेत. यामुळे ज्याचे काम पुरे झाले, तपासणी झाली, प्रमाणपत्रे दफ्तरी दाखल झाली, असा बोगदाही खऱ्या अर्थाने पुरा झालेला नसतो. पंधरा वर्षांनी कोणी दुसरा त्याच्या कुशीत खोदकाम काढील, तेव्हा त्याची परीक्षा पुन्हा होणार आहे. हा ग्रंथ लिहिण्यामागचा माझा मुख्य आग्रह हाच आहे.

नव्या खोदकामाने जुना बोगदा का हलतो, याच्या कारणाचा विचार मुळापासून करू. जमिनीच्या पोटातील मातीचा प्रत्येक कण वरच्या थरांचा भार वाहत असतो आणि बाजूच्या कणांना रेटीत असतो. हा समतोल युगानुयुगे जमलेला असतो. या मातीत वर्तुळाकार पोकळी पाडली की त्या जागी असलेल्या मातीने वाहिलेला भार नाहीसा होत नाही, तो पोकळीच्या कडांकडे सरकतो. सर्व दिशांनी सारखा दाब असलेल्या लवचीक माध्यमात पोकळीच्या अगदी काठावरील स्पर्शीय दाब मूळच्या दुप्पट होतो, हे गणित जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये मांडले. त्याच गणिताने काठापासून एक व्यास दूर गेल्यावर ही वाढ मूळ दाबाच्या नवव्या हिश्शापर्यंत उतरते. दोन बोगद्यांमध्ये निदान एका व्यासाची माती राखावी, या अभियंत्यांत रूढ असलेल्या संकेताला बव्हंशी हेच बीज आहे. अर्थात माती पूर्णतः लवचीक नसते, आणि शहरात एक व्यासाची ऐसपैस जागा दर वेळी मिळतेच असे नाही.

दाबाच्या या स्थलांतराबरोबर दुसरी घटना घडते ती मातीच्या हालचालीची. धान्याच्या राशीत खोलवर हात घालून मूठभर दाणे काढले, तर वरच्या पृष्ठभागी एक उथळ, पसरट खळगा उमटतो, आणि त्याच जागेशेजारी दुसरी मूठ काढली तर आधीच सैल झालेली रास पहिल्यापेक्षा अधिक खचते. बोगदायंत्राच्या मागे जमीन अशीच खचते. यंत्राचे तोंड नियोजित बोगद्यापेक्षा किंचित मोठे खणते, यंत्राच्या पोलादी कवचामागे काँक्रीटच्या तुकड्यांचे कडे बसविले जाते तेव्हा कडे आणि माती यांत एक वर्तुळाकार फट उरते, आणि ती फट ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ लगद्याने, तत्काळ भरली तरी माती थोडीबहुत आत सरकतेच. या गळतीस अभियंते खोदलेल्या क्षेत्रफळाच्या टक्केवारीत मोजतात. अमेरिकन अभियंता राल्फ पेक याने १९६९ मध्ये मेक्सिको येथील परिषदेत अनेक बोगद्यांच्या मोजणीवरून दाखवून दिले की पृष्ठभागावरचा हा खळगा घंटेच्या आकाराच्या, गणितज्ञांना परिचित अशा वक्राने उत्तम रीतीने वर्णिता येतो. पेकने तरुणपणी कार्ल तेर्झागीच्या मार्गदर्शनाखाली शिकागोच्या भुयारी रेल्वेवर माती तपासण्याचे काम केले होते. त्याचा वक्र प्रत्यक्ष जमिनीवर केलेल्या मोजणीतून निघाला आहे, यामुळे त्याच्याविषयी मला विशेष आदर वाटतो.

दिल्लीच्या मापाने हा हिशोब करून पाहू. मेट्रोच्या बोगद्याचा आतील व्यास ५.८ मीटर असतो. काँक्रीटची जाडी व यंत्राची जादा खोदाई धरता खोदव्यास सुमारे ६.६ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस मीटर होते. शेकडा एक गळती धरली तर बोगद्याच्या दर मीटर लांबीस ०.३४ घनमीटर माती नाहीशी होते. मध्यरेषा २० मीटर खोल असेल आणि खळग्याचे रुंदीमान, म्हणजे मध्यापासून वक्राचा उतार सर्वाधिक असतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर, १० मीटर मानले, तर जमिनीवर मध्यभागी साडेतेरा मिलिमीटरांच्या आसपास खचण होते. रस्त्याला अथवा साध्या इमारतीला ती बहुधा सोसते. परंतु जमिनीऐवजी मध्यरेषेच्या आठ मीटर वर, म्हणजे जेथे जुन्या बोगद्याचा तळ असू शकेल तेथे, हाच खळगा अरुंद आणि खोल होतो, आणि तीच गळती वीस मिलिमीटरांहून अधिक खचण घडवू शकते. जुन्या बोगद्याच्या काठिण्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा उतरतो, आणि काळजीपूर्वक चालविलेले यंत्र गळती अर्ध्या टक्क्याच्याही खाली राखते. तरीही पृष्ठभागावर निरुपद्रवी ठरलेले खोदकाम जमिनीखालच्या शेजाऱ्यास मात्र जड जाऊ शकते, ही गोष्ट या छोट्या हिशोबातून स्पष्ट होते. गळती खोदलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असल्यामुळे व्यासाची थोडी वाढही जाणवते : प्रादेशिक जलद रेल्वेचा बोगदा आतून ६.५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळाने मेट्रोच्या सव्वापट आहे.

नवा बोगदा जुन्याच्या कोणत्या अंगास येतो यावर परिणामाचे स्वरूप ठरते. तो बाजूने गेला तर जुने कडे नव्याच्या दिशेस ओढले जाते, त्याचा आडवा व्यास वाढतो आणि माथा खाली बसतो. त्याआधी, यंत्र नेमके शेजारी असताना, तोंडाचा आणि ग्राउटचा दाब फार ठेवलेला असल्यास तेच कडे काही काळ उलट दिशेने ढकललेही जाते. तो खालून आडवा गेला तर जुन्या बोगद्याचा त्या जागीचा आधार सैल पडतो, कडे उभे ताणले जाते आणि लांबीच्या दिशेने तो बोगदा तुळईप्रमाणे वाकतो. वरून गेला तर भार उतरल्यामुळे खालचा बोगदा वर उचलला जातो, आणि हा प्रकार खचण्याइतकाच त्रासाचा असूनही त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक, कारण उचलण्यात धोका आहे हे माणसाच्या मनास सहजी पटत नाही.

वाकण्याने बिघडते काय, हे समजण्यासाठी त्या कड्याजवळच जाऊन पाहिले पाहिजे. आधुनिक बोगद्याचे अस्तर एकसंध नळी नसते. कारखान्यात ओतलेल्या, वीत-सव्वावीत जाडीच्या वक्र सेगमेंटांचे एक कडे, त्याला खेटून दुसरे, अशी ती माळ असते, सेगमेंट एकमेकांस बोल्टांनी जखडलेले असतात आणि प्रत्येकाच्या कडेने खोबणीत रबराची पट्टी बसविलेली असते. यंत्र कड्यास मागे रेटून पुढे सरकते तेव्हा या पट्ट्या एकमेकींवर दाबल्या जाऊन भूजल अडवतात. बोगदा लांबीत वाकला की वाकणाच्या एका अंगास दोन कड्यांमधला सांधा मिलिमीटरभर उघडतो. तेवढ्यानेही रबराचा दाब उतरतो, पाणी पाझरू लागते, पाण्याबरोबर बारीक वाळू येते, आणि वाळू आली की गळतीचे दुसरे द्वार उघडले असे समजावे. दुसरीकडे रूळ काँक्रीटच्या पाटावर जखडलेले असल्यामुळे बोगदा वाकला की तेही वाकतात. एका रुळाची उंची दुसऱ्यापेक्षा वेगळी झाली तर डब्यास झोल बसतो, आणि माथ्याकडील तारेचे अंतर बदलले तर विजेचा प्रश्न उद्भवतो. म्हणून जुन्या बोगद्याची सहनमर्यादा त्याच्या काँक्रीटच्या बळावरून ठरत नाही. काँक्रीट फुटण्याच्या कितीतरी आधी रूळ आणि रबर हरकत घेतात.

ही हरकत वेळेवर ऐकता यावी म्हणून जो बंदोबस्त केला जातो, त्याचे वर्णन मी ग्रंथात सविस्तर केले आहे. यंत्र जवळ येण्याच्या कितीतरी आधी, शेवटची गाडी गेल्यावर आणि वीज बंद झाल्याची लेखी खातरजमा झाल्यावर, मोजणीदारांची तुकडी जुन्या बोगद्यात उतरते. ठरावीक अंतरावरील कड्यांवर माथ्यास, दोन्ही कुशींस आणि रुळांच्या पाटावर तळहातात मावतील असे काचेचे प्रिझम बसविते, भिंतीवर एका कंसावर स्वयंचलित टोटल स्टेशन चढविते, आणि पहिल्या गाडीपूर्वी बाहेर पडते. पुढे ते यंत्र गाड्यांच्या मधल्या अवकाशात एकामागून एक प्रिझमकडे वळून कोन आणि अंतर टिपीत राहते. आकडे एका ठरलेल्या पातळीस पोहोचले की सावधगिरीचा इशारा, त्यापुढील पातळीस खोदकामाची पद्धत बदलण्याची ताकीद, आणि शेवटच्या पातळीस काम थांबविण्याचा हुकूम, अशी व्यवस्था आगाऊ लिहून ठेवलेली असते. जुन्या मार्गावर गाड्यांचा वेग उतरविण्याचा निर्णयही याच आकड्यांवर होतो. बोगदायंत्र चालविणारा खाली आणि रेल्वे चालविणारा वर, हे दोघे दोन निरनिराळ्या खात्यांचे नोकर असतात. त्या दोघांच्या दरम्यान आकडा किती मिनिटांत पोहोचतो, याला मी अस्तराच्या जाडीइतकेच महत्त्व देतो.

पाण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते का असावे याचे उत्तर कोलकात्याने दिले आहे. तेथे एस्प्लनेडजवळ पूर्व-पश्चिम मेट्रोचे बोगदे देशातील सर्वांत जुन्या, १९८४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मार्गाच्या खालून निर्विघ्न गेले. परंतु त्याच मार्गाच्या यंत्राला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बोबाजार भागात जलधारक थर लागला, माती पाण्याबरोबर वाहून आली, आणि वरची जुनी घरे तडकली व कोसळली. २०२२ मध्ये त्याच परिसरात राहिलेले काम पुरे करताना पुन्हा पाणी शिरले. एकदा सैल झालेली माती दुसऱ्या वेळी अधिक ऐकत नाही. यंत्राने कठीण ओलांडणी निभावली म्हणजे सोपी निभावेलच असे नाही, हाही बोध त्यातून मिळतो आणि तो अभियंत्यांच्या आत्मविश्वासास हितकर आहे.

दिल्लीच्या भूमीचे दोन स्वभाव आहेत. यमुनेच्या बाजूस नदीने आणलेला गाळ, म्हणजे रेताड आणि चिकण थरांचे मिश्रण, आणि नदीजवळ वरवर असलेले भूजल. दक्षिण व पश्चिमेकडे अरवलीचे शेवटचे टोक असलेला रिज, त्याचा कठीण क्वार्ट्झाइट आणि मधूनमधून अभ्रकयुक्त, कुजकट झालेला खडक. गाळात दाब राखून चालणारे यंत्र सुखाने चालते. अखंड कातळात शेजाऱ्यास फारशी बाधा पोहोचत नाही. परंतु यंत्राच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग खडकात आणि वरचा अर्धा मातीत अशी स्थिती आली की खडक फोडण्यास लागणाऱ्या वेळात माती अधिक येते, आणि शेजारी बोगदा असल्यास संकट तेथेच ओढवते. मेट्रोच्या चौथ्या टप्प्यात छतरपूर मंदिर ते इग्नू या दरम्यान अशाच विषम भूमीतून बोगदा काढावा लागला, आणि तो पिवळ्या मार्गाच्या चालू उन्नत पुलाखालून गेला. पुलाचे पाय आणि बोगद्याचे कडे यांच्या सोसण्याच्या रीती भिन्न आहेत. तुलना करणाऱ्यास हे स्थळ उपयोगी पडेल.

मात्र ज्या दोन स्थळांभोवती मी माझे विवेचन गुंफले आहे ती राजीव चौक आणि हौज खास होत. राजीव चौकात पिवळा आणि निळा हे दोन मार्ग एकमेकांवरून जातात, निळा वर आणि पिवळा खाली. परंतु दोहोंची आखणी एकत्र झाली, स्थानक वरून उघडे खोदून एकाच रचनेत उभारले गेले, आणि २००५ या एकाच वर्षी, पिवळा जुलैत आणि निळा डिसेंबरअखेर, तेथून गाड्या धावू लागल्या. शेजाराचा प्रश्न तेथे कागदावरच सुटला. विमानतळाचा मार्ग मागाहून आला, २०११ मध्ये सुरू झाला, आणि त्याला या दोहोंखालून, सुमारे ४५ मीटर खोलीवरून, वाट काढावी लागली. हौज खासची गोष्ट वेगळी आहे. पिवळा मार्ग तेथे सप्टेंबर २०१० पासून चालू होता. जनकपुरी पश्चिमेकडून येणारा किरमिजी मार्ग नंतर मंजूर झाला, त्याला चालू बोगद्यांच्या खालून जाणे भाग पडले, आणि म्हणून तेथील नवे स्थानक २९ मीटर खोल गेले. मे २०१८ मध्ये तो मार्ग खुला झाला. आय. एन. ए. येथे गुलाबी मार्गानेही पिवळ्याच्या खालून तशीच वाट काढली. त्याचा हा भाग ऑगस्ट २०१८ मध्ये खुला झाला.

प्रत्येक नव्या मार्गास आधीच्यापेक्षा खोल जावे लागते, हा या उदाहरणांतून निघणारा नियम आहे, आणि त्याची किंमत प्रवाशाच्या पायऱ्यांत, खोदाईच्या खर्चात, आणि जुन्या बोगद्याने सोसलेल्या ताणात मोजावी लागते. लंडनमध्ये क्रॉसरेलचे यंत्र टॉटनम कोर्ट रोड येथे नॉर्दर्न मार्गाच्या बोगद्यापासून एक मीटरहूनही कमी अंतरावरून नेण्यात आले. शतकाहून अधिक काळ प्रत्येक पिढीने आपल्यापुरती जागा घेत गेल्यावर उरते ती अशी चिंचोळी फट. दिल्लीचे भुयारी मार्ग अजून विशीत आहेत. जमिनीवरील प्रत्येक तुकड्याचा सातबारा ठेवणाऱ्या, मोगलाईपासून मोजणी आणि महसुलाची दफ्तरे सांभाळणाऱ्या या देशात भूगर्भाची तशी एकच, सर्व खात्यांस बंधनकारक नोंदवही असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. तीत मेट्रो, प्रादेशिक रेल्वे, जलवाहिन्या, वीजवाहिन्या, वाहनांचे भुयारी रस्ते यांची जागा नोंदली जावी हे तर उघडच आहे. पण त्याहीपुढे जाऊन प्रत्येक बोगद्याच्या नावे त्याने आजवर सोसलेली हालचाल, उघडलेले सांधे, केलेली डागडुजी आणि पुढील शेजाऱ्यासाठी राखून ठेवलेली सहनशक्ती यांचा तपशील असावा. ज्या बोगद्याने दहा मिलिमीटरांची मर्यादा असता एका शेजाऱ्यासाठी सहा मिलिमीटर खर्च केले, त्याच्याकडून दुसऱ्याने पुन्हा दहांची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. आणि पहिल्या सहांची नोंद नसेल तर तो अन्याय नकळत होईल.

ही चिंता निष्कारण नाही. १३ मार्च २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंद्रलोक ते इंद्रप्रस्थ हा सुमारे साडेबारा किलोमीटरांचा मार्ग मंजूर केला. त्याची वाट नवी दिल्ली स्थानकापाशी पिवळ्या आणि विमानतळाच्या मार्गांच्या शेजारातून, आणि पुढे दिल्ली गेट येथे २०१७ पासून चालू असलेल्या जांभळ्या मार्गाच्या शेजारातून जाते. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण मी या दोन स्थळांस दिले आहे आणि त्यात भाकीत कोठेही केलेले नाही. कोणत्या क्रमाने बोगदे काढले तर काय होईल, कोणत्या पातळीवर काम थांबवावे, हे आधीच्या प्रकरणांतील रीतीने वाचकास स्वतः पडताळून पाहता यावे एवढीच मांडणी आहे. त्यात एका गोष्टीवर मात्र मी भर दिला आहे. जुना बोगदा शेजाऱ्यावाचूनही स्थिर नसतो : उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याचे अस्तर किंचित प्रसरण-आकुंचन पावते, आणि पावसाळ्यात भूजल चढले की त्यावरील दाब बदलतो. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेने जुन्या लोखंडी पुलापाशी २०८.६६ मीटरांची, १९७८ च्या २०७.४९ मीटरांनाही मागे टाकणारी पातळी गाठली आणि आयटीओपर्यंत पाणी आले. दिल्ली गेट तेथून दूर नाही. म्हणून तेथील जुन्या बोगद्यात प्रिझम बसवून मोजणी सुरू करावयाची ती यंत्र येण्यापूर्वी निदान एक पूर्ण पावसाळा आधी करावी. अन्यथा पुढे दिसणारी हालचाल नव्या खोदकामाची की नदीची, याचा निवाडा कोणत्याही गणिताने करता येणार नाही.